नर कुत्र्याचं ऑपरेशन करावं का? – विचार करून निर्णय घ्यायला शिकूया



परिसर अभ्यासात आपण पाळीव प्राणी शिकतो. गाय दूध देते, बैल शेती करतो, कुत्रा राखण करतो, एवढं लिहिलं की आपला धडा संपतो. पण प्राणी पाळला की त्याच्याबद्दलचे काही निर्णय आपल्याला घ्यावे लागतात, ते कुठल्या धड्यात नसतात. आज अशाच एका निर्णयाबद्दल लिहिते आहे. तो आमच्या घरात घ्यायचा होता आणि मी तो वेळेवर घेतला नाही.

आमच्या काळूची गोष्ट

आमचं घर शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला, आणि माझी शाळा मुरबाड तालुक्यात. काळू आमच्याकडे आला तेव्हा महिनाभराचा होता. गावठी कुत्रा, अंगाने मध्यम, कान उभे. तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला रेबीजची लस दिली. ज्येष्ठात तो सात महिन्यांचा झाला, तेव्हा पशुवैद्यक म्हणाले, "मॅडम, याला मोकळाच ठेवणार असाल तर पाऊस लागायच्या आत ऑपरेशन करून घ्या."

घरी विषय काढला. माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते म्हणाले, "अगं, नर आहे तो. मादी असती तर गोष्ट वेगळी. त्याला कापून काय मिळणार? उद्या भुंकायचाच बंद झाला तर राखण कोण करणार?" खरं सांगायचं तर मलाही धीर होत नव्हता. मुका जीव, त्याला विचारता थोडंच येतं? मी म्हटलं, बघू नंतर. तेवढ्यात लावणी आली, शाळा सुरू झाली आणि विषय मागे पडला.

मग भाद्रपद आला. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं गावात लहान पोरालाही माहीत असतं. एका रात्री काळू गेला तो तीन रात्री आलाच नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा एक कान फाटलेला, मागच्या पायाला खोल चावा आणि त्या जखमेत अळ्या पडलेल्या. चावलेलं कुत्रं कुठलं, पिसाळलेलं होतं का, काही कळायला मार्ग नाही. लस झालेली होती म्हणून निदान तेवढा आधार. पशुवैद्यकांनी जखम धुतली, रेबीजची लस पुन्हा दिली. पाय भरायला महिना गेला. आजही पळताना तो उजवा पाय जरा आखडून टाकतो.

त्या महिन्यात मी या विषयावर जे वाचलं आणि विचारलं, ते तुमच्यासाठी मांडते.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण बोलताना तीन शब्द वापरतो.

नसबंदी – माणसात पुरुषाच्या नसबंदीत फक्त बीज वाहून नेणारी नळी कापून बंद करतात. वृषण जागेवरच राहतात.

खच्चीकरण – वृषणाचं काम कायमचं थांबवणं. आपल्याकडे गोऱ्ह्याला चिमटा लावतात ते हेच. तिथे वृषण काढत नाहीत, त्याकडे जाणारा रक्तपुरवठा दाबून बंद करतात.

निर्बीजीकरण – हा सरकारी कागदावरचा शब्द. नर आणि मादी दोघांसाठीही वापरतात. नर कुत्र्यात सहसा पूर्ण भूल देऊन दोन्ही वृषण काढून टाकतात.

म्हणजे लोक "कुत्र्याची नसबंदी" म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा नसबंदी नसते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वृषण गेले की बीजही बंद होतं आणि तिथे तयार होणारा नराचा संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉनही खूप कमी होतो. स्वभावातला जो काही बदल दिसतो तो या संप्रेरकामुळे.

वर्गात हे सांगत होते तेव्हा वाडीवरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, आमच्या गोऱ्ह्याला चिमटा लावला तवा तो दोन दिस बसून व्हता. काळूला पण दुखंल ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. दुखणारच. पण ऑपरेशनच्या वेळी भूल असते आणि नंतर दुखणं कमी करणारं औषध देतात. त्या मुलाच्या प्रश्नातून मला आणखी एक गोष्ट सुचली. म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला बैलांचा बाजार भरतो. तिथला जोताला चालणारा बैल बहुतेक खच्ची केलेला असतो आणि त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. मग कुत्र्याच्या वेळीच आपण का अडखळतो? बैलाचा फायदा आपल्याला रोज शेतात दिसतो, कुत्र्याचा दिसत नाही. म्हणून तो नीट मांडून बघायला हवा.

ऑपरेशनने काय बदलतं?

१. माजावर आलेल्या मादीच्या मागे रात्र-रात्र भटकणं बऱ्याच कुत्र्यांमध्ये कमी होतं. भटकणं कमी झालं की मारामारी, गाडीखाली येणं, हरवणं हेही कमी होतं.

२. जागोजागी लघवी करून खूण करणं, दुसऱ्यांच्या अंगावर चढणं हेही अनेकांमध्ये कमी होतं. सगळ्यांमध्ये नाही.

३. वृषणाचा कर्करोग होऊच शकत नाही. म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढून होणारा त्रास टळतो.

४. मोकळ्या कुत्र्यांमध्ये नर-मादीच्या संबंधातून पसरणारा एक गाठीचा आजार असतो. त्यात रोगी कुत्र्याच्या गाठीतल्या पेशीच दुसऱ्या कुत्र्यात रुजतात. लघवीच्या जागेतून रक्त ठिबकणं ही त्याची खूण. आठवड्याच्या अंतराने इंजेक्शनं देऊन तो बहुधा बरा होतो, पण संबंधच टळला तर धोकाही खूप कमी होतो.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे बिबट्या. शहापूर-मुरबाडच्या जंगलालगतच्या पाड्यांना हे सांगायला नको. सह्याद्रीच्या पलीकडे, आपल्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात सर्वात मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. रात्री रानातून एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जाणारा कुत्रा म्हणजे बिबट्याचं जेवणच.

काय बदलत नाही?

१. राखण. अनोळखी माणूस आला की भुंकणं हे आपल्या घराच्या आणि माणसांच्या ओढीतून येतं. ते वृषणावर अवलंबून नाही. अण्णांची भीती इथे चुकीची ठरली.

२. भीतीमुळे चावणं. जो कुत्रा घाबरून अंगावर येतो तो ऑपरेशनने शांत होईल याची खात्री नाही. काहींमध्ये भीती वाढलेलीही दिसते. "चावतो म्हणून ऑपरेशन करा" हे कारण पुरेसं नाही. त्याला आधी दगड मारणं, साखळीला जखडून चिडवणं बंद करायला हवं.

३. रेबीज. ऑपरेशन म्हणजे लस नव्हे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस वेगळी आणि ती ठरलेल्या वेळी परत द्यावीच लागते. मुलांनो, कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्रात जायचं. हळद-चुना लावायचा नाही, घरी लपवायचं नाही.

तोटेही सांगते. भूल म्हटली की थोडा धोका आलाच. नंतर भूक वाढते, अंग सुटतं, म्हणून भाकरी मोजून द्यावी लागते. आणि हे ऑपरेशन परत उलटं करता येत नाही.

वय किती असावं?

गोऱ्ह्याला आपण अगदी लहानपणी चिमटा लावत नाही. दोन-तीन वर्षांचा झाला, मान-खांदा भरला की मग. जुन्या शेतकऱ्याला माहीत होतं की अंग भरायला नराचा तो जोर लागतो. कुत्र्यातही तसंच आहे. हाडांची वाढ कधी थांबायची हे सांगण्यात या संप्रेरकाचा हात असतो. म्हणून लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींमध्ये फार लवकर ऑपरेशन केलं तर पुढे सांध्यांचा त्रास वाढू शकतो. त्यांच्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. आपला गावठी मध्यम कुत्रा सहा महिन्यांनंतर चालतो. सहा महिने झाले तरी एक वृषण खाली उतरलेलं नसेल तर मात्र पशुवैद्यकांना जरूर दाखवा. आत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका जास्त असतो, तिथे ऑपरेशन टाळू नये.

एका नराने गावातली कुत्री कमी होतात का?

आता एक गणित करू. भाद्रपदात एका मादीमागे पाच नर आहेत. चार नरांचं ऑपरेशन झालं. पिल्लं किती कमी होतील? एकही नाही. पाचवा आहेच. आणि एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळेही असू शकतात. पण त्या एका मादीचं ऑपरेशन केलं तर त्या वेताची सगळी पिल्लं टळतात.

म्हणजे अण्णांचं "मादी असती तर गोष्ट वेगळी" हे म्हणणं संख्येपुरतं खरं होतं. फक्त संख्या हे एकच कारण धरलं तर नराचं ऑपरेशन मागेच पडणार. ते करायचं ते मुख्यतः त्याच्या स्वतःच्या जिवासाठी.

तरी आपली जबाबदारी संपत नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवस, म्हणजे नऊ आठवडे. भाद्रपदापासून मोजा, कार्तिक येतो. त्या कार्तिकात भातकापणी चालू असताना माझ्या वर्गातली दोन मुलं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत दोन पिल्लं घेऊन शाळेत आली. पाच होती म्हणे, तीन रस्त्यावर गेली. ती पिल्लं काळूची असं कोण सांगणार? पण नाहीत असंही कोण सांगणार? मी मुलांकडे बघून काही बोलू शकले नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम काढले, त्याआधीचे २००१ चे होते. नवीन नियमांत स्पष्ट आहे की रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, आणि पाळलेल्या प्राण्याची जबाबदारी मालकाची. "मोकळा सोडलाय, गावाचाच आहे" असं म्हणून भाकरी घालणाऱ्याला अंग काढून घेता येत नाही.

मग आम्ही काय ठरवलं?

मी वहीच्या एका पानावर दोन रकाने केले, "करावं" आणि "करू नये". अण्णांनाही बसवलं. कुत्रा घरात बांधून राहणारा असता, रोज कोणीतरी दोरीने फिरवणारं असतं, तर थांबायला हरकत नव्हती, असं मी अजूनही म्हणेन. पण आमचा काळू दिवसभर मोकळा, कुंपण काट्याचं, बाजूला रान. अण्णा बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कर मग. पण थंडीत कर, माशा नसतात."

मार्गशीर्षात ऑपरेशन झालं. दहा दिवस पडवीत बांधून ठेवला. अण्णाच त्याच्याजवळ बसायचे. आता तो भुंकतो पूर्वीसारखाच. रात्रीचं जाणं जवळजवळ थांबलं आहे, अगदी बंद नाही. एकदा गेला होता, सकाळी परत आला. ज्येष्ठात केलं असतं तर पाय वाचला असता का? खात्रीने नाही सांगता येत, पण शक्यता होती. ती मी "बघू नंतर" म्हणून घालवली.

तुम्ही करायचं ठरवलं तर

- तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा की इथे ऑपरेशन होतं का, नसेल तर कुठे पाठवतात.
- रेबीजची लस झालेली असावी. जंत, ताप, अशक्तपणा तपासून घ्या.
- आदल्या रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं ते विचारून घ्या.
- पावसाळा शक्यतो टाळा. ओलावा आणि माशांमुळे जखमेत अळ्या पडतात.
- टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, जखम चाटू देऊ नका आणि मोकळा सोडू नका.
- ऑपरेशननंतरही काही आठवडे बीज शिल्लक असू शकतं. तेवढे दिवस मादीपासून लांब ठेवा.
- घरात मादी असेल तर तिचा विचार आधी करा.

विचार करा आणि लिहा

१. नसबंदी आणि खच्चीकरण यांत काय फरक आहे?

२. "ऑपरेशन केल्यावर कुत्रा राखण करत नाही." हे विधान बरोबर की चूक? कारण लिहा.

३. भाद्रपद पौर्णिमेपासून ६३ दिवस कॅलेंडरवर मोजा. कोणती तिथी येते?

४. उपक्रम : आपल्या वाडीतली पाळलेली कुत्री मोजा. नर किती, मादी किती, रेबीजची लस झालेली किती, याचा तक्ता करा. लांबूनच मोजा, अनोळखी कुत्र्याला हात लावू नका.

५. तुमच्या घरी कुत्रा असेल तर वहीत दोन रकाने करा आणि घरातल्या मोठ्यांबरोबर बसून भरा. निर्णय काहीही होवो, त्याच्या दोन्ही बाजू आपणच मांडायच्या, कारण त्याला बोलता येत नाही.