अर्धशिशी: माहेर जळगाव, सासर धुळे

१. ही नुसती डोकेदुखी नव्हे, मेंदूचा आजार आहे आणि बरेचदा घराण्यातूनच येतो. एका बाजूची शीर ठणकते, मळमळतं, उजेड नको वाटतो. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास हेच. शेजारी ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की मला ओकारी येते. याला कुणी कामचुकारपणा म्हटलं, तर आता मी ऐकून घेत नाही.

२. बायकांनाच जास्त का? लहानपणी मुलगे आणि मुली जवळपास सारखेच. पाळी सुरू झाली की फरक पडतो. पुढे बायकांत हे दुखणं पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतं. मुख्य कारण इस्ट्रोजेनचे चढउतार. पाळीच्या तोंडावर ते झपकन उतरतं, म्हणून आधीचे दोन दिवस आणि पाळीचे पहिले तीन दिवस जपायचे. गरोदरपणात पहिले तीन महिने सरले की अनेकींना आराम पडतो. पाळी जायच्या सुमाराला दुखणं उसळतं, गेल्यावर बहुधा ओसरतं.

३. कालनिर्णयावर पाळीला फुली, डोकेदुखीला गोल. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवा, फार सांगावं लागत नाही.

४. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचे, तेही चहावर. ऊन, तहान, उपाशी पोट आणि अर्धवट झोप, सगळं एकाच सकाळी! मी आता पहाटेच बसते, आधी भाकरीचा तुकडा खाते, उन्हं चढली की उठते. हरतालिकेचा निर्जळी उपास सोडला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. (आमच्याकडे उपास बायकांच्या वाट्याला आणि शेवभाजी पुरुषांच्या, ही वाटणी कुणी केली कोण जाणे.)

५. गोळी दुखणं सुरू होताच घ्यावी. पण महिन्यात १०-१५ दिवस गोळ्या लागत असतील, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. अशा वेळी झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत आणि मूल हवं असेल तर आधी सांगावं.

६. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसत असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, जीभ अडखळली किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर अर्धशिशी समजून घरी झोपू नका. तडक दवाखाना गाठा.