पायांना चालवा, रक्तवाहिन्या सांभाळा

कारेगावात रांजणगाव एमआयडीसीत पाळीला जाणारे पुष्कळ आहेत. कोणी तासन्‌तास एकाच जागी उभे, कोणी खुर्चीत बसून. संध्याकाळी पोटऱ्या भरून आल्या की आपण थकवा म्हणून सोडून देतो. आज पायातल्या रक्तवाहिन्यांविषयी सांगतो.

रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. वाहते रक्त त्याला घासत जाते आणि ते घर्षण पेशींना जाणवते. रक्त जोमाने, एका दिशेने वाहिले की पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्याने वाहिनी सैल राहते, गुठळीला आळा बसतो. पाटाच्या वळणावर गाळ बसतो, तसे मानेतली धमनी दोन शाखांत विभागते तिथे रक्त रेंगाळते आणि चरबीचे थर तिथेच आधी साचतात.

अस्तर झिजले की शेजारच्या पेशी वाढून जागा भरतात. ताकायुकी असाहारा, जेफ्री इस्नर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली रक्तात फिरणाऱ्या, अस्तराच्या पेशी होऊ शकणाऱ्या पूर्वज पेशी दाखवून दिल्या. त्यांतल्या बऱ्याच स्वतः अस्तर होत नाहीत, पण वाढीची रसायने सोडून दुरुस्तीला हातभार लावतात. प्रयोगशाळेत काही पूर्वज पेशींवरून द्रव वाहता ठेवला की त्या अस्तराच्या पेशींसारख्या घडतात. व्यायामाने रक्तातल्या पूर्वज पेशी वाढतात. धूम्रपानाने आणि मधुमेहाने घटतात.

म्हणून एवढे करा:

- कामावर तासाभराने दोन मिनिटे टाचा वर-खाली करा. बैठे काम असेल तर उठून चाला.
- आठवड्यात एकूण 150 मिनिटे झपाझप चाला.
- बिडी, तंबाखू, गुटखा, मिश्री सोडा. निकोटीनने वाहिन्या आकसतात.
- साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. मधुमेह असेल तर रोज तळपाय पाहा.

पाय अचानक गार किंवा पांढरा पडला, बोट काळे पडले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. एकाच पोटरीला सूज आली तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. मधुमेहींनी पायाची जखम अंगावर काढू नये.

चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे ओसरते, तर धमनी अरुंद झालेली असू शकते. अशी माणसे दुखण्याच्या भीतीने चालणेच सोडतात. तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. या दुखण्यावर चालणे हाच महत्त्वाचा उपचार आहे.