जुळविलेला आवाज

अमेरिकेत बटाट्याच्या आकाराचे एक गमतीदार खेळणे मिळते. त्याचे डोळे, नाक, कान असे अवयव सुटे असतात. ते हवे तसे बसवावेत आणि हवे तेव्हा काढावेत. १९९५ साली 'टॉय स्टोरी' या चित्रपटात हे खेळणे बोलू लागले. त्याला आवाज दिला होता डॉन रिकल्स या विनोदी नटांनी. १९९९ व २०१० साली निघालेल्या पुढच्या भागांतही आवाज त्यांचाच होता. चौथ्या भागात बोलण्याचे त्यांनी मान्य केले. परंतु ध्वनिमुद्रण होण्यापूर्वीच, ६ एप्रिल २०१७ रोजी, त्यांचे निधन झाले.

आता त्या खेळण्याने मुके राहावयाचे काय? रिकल्स यांच्या कुटुंबीयांनीच मार्ग सुचविला. जुन्या ध्वनिमुद्रणांतून नवे संवाद जुळविता येतील काय, असे त्यांनी पिक्सार या चित्रसंस्थेस विचारले. मग शोध सुरू झाला. आधीच्या चित्रपटांसाठी बोललेली पण न वापरलेली वाक्ये, खेळांसाठी व करमणुकीच्या उद्यानांसाठी उच्चारलेले शब्द, असा सुमारे २५ वर्षांचा संग्रह तपासण्यात आला. त्यातून निवडलेल्या तुकड्यांमुळे २०१९ साली चौथ्या भागात ते पात्र पुन्हा बोलते झाले.

आवाज असा सांधण्याची युक्ती जुनी आहे. पूर्वी आवाज चुंबकीय फितीवर नोंदवीत. ध्वनिमुद्रणगृहातील फीत बहुधा सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने सरके. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा शब्द फितीवर १९ सेंटिमीटर जागा व्यापी. तंत्रज्ञ धारदार पात्याने फीत तिरपी कापीत आणि तिची टोके चिकटपट्टीने जोडीत. आज हेच काम संगणकावर होते.

तथापि नुसते शब्द शेजारी ठेवून वाक्य सजीव होत नाही. प्रश्नातला 'हो' वर चढतो. कंटाळ्याचा 'हो' खाली उतरतो. एका खोलीतील घुमारा दुसरीत नसतो. श्वासाची जागा चुकली तरी जोड कानाला खटकतो. म्हणून चढउतार, घुमारा व श्वास जुळतील असेच तुकडे शोधावे लागतात.

याच कौशल्याने अनर्थही घडू शकतो. 'मी हे करणार नाही' या वाक्यातील 'नाही' कापून टाकला, की बोलणाऱ्याच्या तोंडी त्याने कधी न दिलेले वचन पडते. आवाज त्याचाच असल्यामुळे ऐकणारा सहज फसतो. रिकल्स यांच्या बाबतीत कुटुंबीयांची इच्छा होती, आणि ते शब्द एका काल्पनिक खेळण्याचे म्हणूनच लोकांनी ऐकले. जिथे अशी अनुमती नाही आणि जोड लपविलेला आहे, तिथे कानांवर विश्वास ठेवण्यापूर्वी मूळ बोलणे काय होते, याची चौकशी केली पाहिजे.