आजीचे हातजाळे आणि किनाऱ्यावरचा विस्तव

शास्त्रभाग : योहान 21:1-14



हा शास्त्रभाग आपण बहुधा 153 माशांसाठी लक्षात ठेवतो. या वेळी नवव्या आणि दहाव्या वचनावर जरा थांबा. शिष्य किनाऱ्यावर उतरले तेव्हा विस्तवावर मासळी आधीच होती, भाकरही होती. तरीही प्रभूने त्यांनी धरलेल्यातली काही मासळी आणायला सांगितली. त्याला कमी पडत होती म्हणून खासच नव्हे. मग का मागितली?

दोन पावसाळ्यांपूर्वी आपण माथेरानच्या पायथ्याशी, पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत हातजाळी वाटली. लोखंडी गोल कडे आणि त्याला नायलॉनचे बारीक जाळे. नवी मुंबईतल्या आपल्या युवकांनी निधी जमवला, फोटो निघाले. निवड माझीच होती. पुढच्या भेटीत पाहते तर एका जाळ्याखाली कोंबडीची पिल्ले झाकलेली, दुसरे कुडाला टांगलेले.

"गोल कडं तळाला टेकतं कुठं, ताई?" एक आजी म्हणाल्या. "मासा खालून जातो."

त्यांचे स्वतःचे जाळे अर्धचंद्राच्या आकाराचे होते. सपाट बाजू ओढ्याच्या तळाला टेकते, वाकलेली बाजू वर राहते. दगडामागून निसटणाऱ्या माशाला खाली फट मिळत नाही. जाळ्याची भोके अंगठा जाईल एवढी, म्हणजे बारीक पिल्ले पाण्यातच राहतात. आपल्या जाळ्यात तीही अडकत होती.

मे महिन्यात आम्ही चौघे ते बनवायला शिकायला गेलो. हे काम वेताचेही होते, पण आपल्याकडे वेत सहज मिळत नाही. वाडीत हिरवा बांबू वापरतात. बांबू चिरून अंगठ्याएवढी रुंद कामटी काढायची, आतला मऊ भाग कोयत्याने तासायचा आणि कामटी रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी निखाऱ्यावरून सारखी पुढेमागे फिरवत ऊब द्यायची आणि गुडघ्याला लावून हळूहळू वाकवायची. साल बाहेरच्या अंगाला हवी, कारण चिवट धागे सालीजवळच दाट असतात आणि ताण तेच सोसतात. मी घाई केली. माझ्या दोन कामट्या मोडल्या. आजी हसल्या नाहीत, तिसरी हातात दिली. वाकवलेली कामटी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांमध्ये दोन दिवस सावलीत अडकवून ठेवली की आकार धरते. मग सपाट बाजूची काठी आणि दांडा ओल्या दोरीने आवळून बांधायचा. दोरी वाळताना आणखी घट्ट बसते.

हे जाळे म्हणजे त्या घरांचा जूनमधला घास आहे. दिवाळीनंतर कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा भातलावणीची मजुरी सुरू झालेली नसते. पहिल्या पावसात चढणारे वलगणीचे मासे आणि मुठे यांवरच दिवस निघतात. खाणे विकत आणावे लागले की पुढच्या हंगामाची उचल आणखी वाढते. आणि वाडीत कामटी वाकवता येणाऱ्या आता दोघीच उरल्या आहेत, दोघीही म्हाताऱ्या. मुलींचे शिकण्याचे वय भट्टीवर जाते.

बांबूचा प्रश्नही आहेच. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड मानले होते. ते 2017 च्या दुरुस्तीने बदलले. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू आणि वेत दोन्ही गौण वनोपजात येतात, पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही त्यात आहे. पण दावा ग्रामसभेत मांडावा लागतो. जाळी वाटण्याआधी मी निदान एवढी चौकशी तरी करायला हवी होती.

आता दहावे वचन पुन्हा वाचा. रात्रभर रिकाम्या हाताने बसलेल्या माणसांना प्रभूने नुसते जेवायला बसवले नाही. त्यांच्या हातची मासळी त्याने आपल्या विस्तवावर घेतली. आपण वाडीत गेलो तेव्हा विस्तव आपला होता, मासळीही आपलीच.

गटात बोलण्यासाठी : आपल्या मंडळीने गेल्या वर्षभरात ज्यांना काही दिले, त्यांच्याकडून काय मागून घेतले?

प्रार्थनेसाठी : वाडीचा सामूहिक वनहक्काचा दावा अजून मंजूर झालेला नाही. या मे महिन्यात सहा मुली आजींजवळ जाळे शिकायला बसणार आहेत. त्यांची कुटुंबे वेळेत भट्टीवरून परतावीत.