घरची शाळा आणि सोबतीची वाट



दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक आई आमच्याकडे आली. पतीची बदलीची नोकरी, दर दोन वर्षांनी नवे गाव, म्हणून ती आपल्या दोन मुलांना घरीच शिकवत होती. तिने एवढेच विचारले, "फादर, या शहरात आमच्यासारखं दुसरं ख्रिस्ती कुटुंब आहे का हो?" आम्ही घाईत होतो. "मुलांना शाळेत घाला, सगळे प्रश्न सुटतील," असे सांगून आम्ही पुढच्या कार्यक्रमाला निघून गेलो. पुढे कळले की, तिचा धाकटा मुलगा रोज दुपारी फाटकापाशी उभा राहून शाळेतून परतणारी मुले पाहत असे. त्या माउलीने सोबत मागितली होती, आम्ही मात्र निकाल दिला. ती चूक मनाला लागून राहिली, म्हणून हा पाठ.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मात्र या कामी कुटुंबाला साऱ्या समाजाच्या मदतीची गरज असते, हेही त्याच ठिकाणी नमूद केले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९३ वे कलम मुलांच्या कॅथलिक शिक्षणासाठी योग्य साधने निवडण्याचा हक्क व कर्तव्य पालकांना देते. त्याच संहितेत कॅथलिक शाळांचेही महत्त्व सांगितले आहे. म्हणून घरी शिकवणारे अधिक भक्तिमान आणि शाळेत पाठवणारे कमी, असे कोणी समजू नये. तसेच घरी शिकवणाऱ्यांना हट्टी म्हणून बाजूलाही सारू नये.

लूककृत शुभवर्तमान, अध्याय २, ओवी ४१ ते ५२

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तो प्रसंग आपण घरी वाचावा. पवित्र मरिया आणि योसेफ सणाला एकटे गेले नव्हते. नातेवाईक व ओळखीच्या लोकांचा मोठा जथा सोबत होता. मूल त्यांच्यात असेल, या विश्वासाने दोघे दिवसभर चालत राहिले. याचा अर्थ, पवित्र कुटुंबालाही सोबतीची गरज होती आणि इतर मोठी माणसे आपल्या मुलावर लक्ष ठेवतील, असा भरवसा त्यांना होता.

पण दुसरी बाजूही पाहा. मूल दिसेना, तेव्हा शोधायला परत फिरले ते आईवडीलच. सोबत कितीही चांगली असली, तरी मुलाची जबाबदारी तिच्यावर टाकून देता येत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही वाचला होता: वैद्य जसा रोग्याच्या अंगच्या शक्तीला साहाय्य करतो, तसा शिक्षक मुलाच्या बुद्धीला साहाय्य करतो. पालकांच्या गटाचेही तसेच आहे. त्याने घराला बळ द्यावे, घराची जागा घेऊ नये.

गट कसा शोधावा, कसा उभारावा?

अमेरिकेत घरी शिकवणारी अनेक कुटुंबे आठवड्यातून एखादा दिवस चर्चच्या सभागृहात एकत्र येतात. एक आई गणित शिकवते, एखादे वडील विज्ञान. आपल्या महाराष्ट्राला सहकार नवा नाही. दूध डेअरीत प्रत्येक जण आपापल्या गोठ्यातले दूध घालतो, तसेच हे. पुण्या-मुंबईत अशी कुटुंबे एकमेकांना सापडतात. लहान शहरात मात्र शोधावी लागतात.

१. सुरुवात दोन कुटुंबांनी करावी. प्रभूने दोघातिघांच्या मेळाव्यालाही आपल्या उपस्थितीचे वचन दिले आहे. निवृत्त शिक्षक आणि सिस्टर्स यांनाही विचारावे.

२. इतर ख्रिस्ती पंथांचा गट असल्यास आनंदाने भेटावे. काही गट विश्वासाचे लेखी निवेदन सहीसाठी देतात. ते नीट वाचावे. संस्कार, पवित्र मरिया वा पोप यांविषयी आपल्या श्रद्धेला न पटणारे काही असेल, तर सही करू नये. मैत्री मात्र ठेवावी.

३. गणित, खेळ, सहल यांसाठी शेजारच्या इतरधर्मीय कुटुंबांनाही बोलवावे. धर्मशिक्षण वेगळ्या वेळी घ्यावे.

४. खर्च, वेळ व जबाबदारी आधीच लिहून ठेवावी. मुलांसोबत नेहमी किमान दोन प्रौढ असावेत.

५. परीक्षेचा विचार लवकर करावा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे आणि घरच्या शिक्षणाचा उल्लेख नाही. म्हणून निर्णयापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत दहावीची परीक्षा देता येते. त्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलांच्या अभ्यासाच्या वह्या व नोंदी जपून ठेवाव्यात.

धर्मग्रामाचे सभागृह दर शनिवारी सकाळी १० ते १२ या वेळेत अशा कुटुंबांसाठी मोकळे ठेवत आहोत. भाडे नाही. इच्छुकांनी कार्यालयात नावे द्यावीत. त्या आईला आम्ही स्वतः घरी जाऊन भेटलो आणि क्षमा मागितली. पहिले नाव तिचेच आहे. दुसरे नाव कोणाचे असेल?

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत वा इमारतीत एकट्याने झटणारे कुटुंब कोणते?
२. आपल्या अंगची कोणती कला वा विद्या आपण दुसऱ्याच्या मुलाला देऊ शकतो?
३. मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी आपण शाळेवर वा चर्चवर सोडून दिली आहे का?

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या सर्व घरांचे रक्षण करो.

आपले धर्मगुरू