मुलांची माउली

घरी पाहुणा एक दिवसाचा असला, तर त्याचे आदरातिथ्य सर्वांनाच गोड वाटते. परंतु पाहुणे वाढत्या वयाची मुले असली आणि रोजच पंक्ती उठू लागल्या, म्हणजे गृहिणीची खरी कसोटी लागते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली सातारा येथे वसतिगृह उघडले. खेड्यापाड्यांतील गरीब मुले तेथे शिकण्यासाठी येऊन राहिली. त्यांत सर्व जातींची मुले होती आणि ती एकाच पंक्तीस जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या. तरीही त्या या मुलांच्या आई झाल्या.

वसतिगृहास पैशाची नेहमीच चणचण असे. भाऊराव मदत मिळविण्यासाठी गावोगाव हिंडत. मागे मुलांच्या भुकेची चिंता लक्ष्मीबाई वाहत. धान्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्र तेवढे उरले. सौभाग्यवतीस ते प्राणाहून प्रिय; परंतु मुले उपाशी निजावीत, हे त्या माउलीस पाहवेना. त्यांनी तेही दिले आणि मुलांची चूल पेटती ठेवली.

१९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. आज संस्थेच्या शेकडो शाळा व अनेक महाविद्यालये आहेत. तिच्या बोधचिन्हावर वटवृक्ष आहे. वृक्षाचा विस्तार सर्वांस दिसतो. त्याला जगविणारी मुळे मात्र जमिनीखाली असतात. लक्ष्मीबाईंचा त्याग असाच होता.