यंत्राला आपली अक्षरे कुणी शिकवली?

मंडळी, आता आपल्याला वाचता येऊ लागले. अंगठा उठवायचे दिवस गेले, सही आली. आपल्याला शिकवायला गुरुजी होते, पाटी होती.

पण एक विचार करून पाहा. हल्ली सातबारा संगणकातून निघतो. मोबाईलवरचा निरोपही मराठीत येतो. मग या यंत्राला मराठी कुणी शिकवली? यंत्राचे गुरुजी कोण?

हे समजून घ्यायला आपण मुंबईला, विलेपार्ल्याला जाऊ. हो, तेच पार्ले! पार्ले बिस्किटाला नाव मिळाले ते याच गावावरून. तिथे स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून जुहूच्या समुद्राकडे निघाले, की जुहू-पार्ले योजनेची वस्ती लागते. या वस्तीत एक सरकारी संस्था होती. तिचे नाव राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. ती १९८५ साली सुरू झाली. २००३ साली ती सी-डॅक या मोठ्या सरकारी संस्थेत सामील झाली. तिथे आजही काम चालते.

सॉफ्टवेअर म्हणजे काय? बैल आहे, नांगर आहे, पण हाकणारा नाही, तर शेत नांगरून होईल का? संगणकाचेही तसेच आहे. नुसते यंत्र काही करत नाही. आधी काय करायचे, मग काय करायचे, हे त्याला एकेक करून सांगावे लागते. या लिहून दिलेल्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर.

या केंद्राचे पहिले संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी. आधी ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत. त्या काळी देशातल्या विद्यापीठांचे संगणक एकमेकांशी बोलत नसत. १९८६ साली देशातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांचे संगणक जोडण्याचे काम सुरू झाले. त्यात रमणींचा मोठा वाटा होता. जुहूचा संगणक आणि पवईच्या आय.आय.टी.चा संगणक टेलिफोनच्या तारेने जोडला गेला. निरोप इकडून तिकडे जाऊ लागले. आज आपल्या हातात इंटरनेट आहे, त्याची आपल्या देशातली सुरुवात अशी झाली. या कामासाठी २०१४ साली रमणींचा जागतिक सन्मान झाला.

तार जोडली गेली. पण निरोप कोणत्या भाषेत? बहुतेक इंग्रजीत! इथे आपली खरी अडचण होती.

इंग्रजीत ‘ळ’ नाही. इंग्रजीत लिहिलेले एकच नाव कुणी काळे वाचील, कुणी काले वाचील, कुणी कळे वाचील. जमिनीच्या कागदावर असे झाले तर? मालक एक आणि नाव भलतेच!

मग यंत्रात मराठी कशी घातली? यंत्राला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा दिला. सुरुवातीला ज्याचे त्याचे आकडे वेगळे असत. एका कचेरीत मराठीत लिहिलेला कागद दुसऱ्या कचेरीच्या संगणकावर उघडला, की नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दिसत. १९९१ साली भारत सरकारने आपल्या लिप्यांसाठी आकड्यांचे एक कोष्टक ठरवले. आज साऱ्या जगाचे एकच कोष्टक आहे. त्याला युनिकोड म्हणतात. त्यात ‘क’ चा आकडा २३२५. ‘ल’ चा २३५४ आणि ‘ळ’ चा २३५५. शेजारी शेजारी, पण वेगळे! आता काळे ते काळेच राहतात.

पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी येते. ‘कर्म’ या शब्दात र आधी बोलतो, पण त्याचा रफार पुढच्या म च्या डोक्यावर बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दोन्हींत र आणि य, पण लिहिणे निराळे. हे सारे यंत्राला सांगायचे कुणी?

ज्याला अक्षराचा जीव कळतो त्याने. असे एक गृहस्थ म्हणजे र. कृ. जोशी. त्यांचा जन्म १९३६ चा. हाताने सुंदर अक्षर काढणे हा त्यांचा ध्यास. आधी अनेक वर्षे त्यांनी जाहिरातींच्या धंद्यात काम केले. १९८३ पासून त्यांनी पवईच्या आय.आय.टी.त मुलांना अक्षरकला शिकवली. तिथून निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात. जोशी जुहूच्या या केंद्रात आले आणि साठीच्या वयात संगणकाच्या लोकांबरोबर कामाला बसले. अक्षराचे वळण जोशींनी द्यायचे, सूचना संगणकवाल्यांनी लिहायच्या. कोणते जोडाक्षर कसे जुळते, वेलांटी कुठे बसते, एकेक पाहिले. त्यांनी वळण दिलेला ‘मंगल’ नावाचा देवनागरी अक्षरसंच २००० साली विंडोज या सॉफ्टवेअरबरोबर जगभर गेला. इतर भारतीय लिप्यांसाठीही त्यांनी काम केले. २००८ साली ते वारले.

पाहा बरे! एकाने तारा जोडल्या, एकाने अक्षरांना वळण दिले, कितीतरी जणांनी सूचना लिहिल्या. यातले कुठलेही काम एका दिवसाचे नव्हते. जन्म त्यात गेला. तेव्हा कुठे आपले नाव यंत्रात नीट उमटू लागले.

आता आपले काम काय? यंत्र शिकले, पण त्यात नाव भरणारा माणूसच असतो. तो घाईत ‘ळ’ च्या जागी ‘ल’ भरील, तर यंत्र तसेच छापील. म्हणून सातबारा हाती आला, की घडी घालून खिशात टाकू नका. आपले नाव, बापाचे नाव, आडनाव अक्षर अक्षर लावून वाचा. गट नंबर वाचा. चूक दिसली तर तलाठी भाऊसाहेबांना दाखवा आणि दुरुस्तीचा अर्ज द्या. आपण वाचायला शिकलो ते याचसाठी.

प्रश्न

१. सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द पाटीवर लिहा.
३. घरातला एक सरकारी कागद आणा. त्यावरचे प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचा. ते बरोबर आहे का?